एकतीस सह्या

गणिताच्या बाईंना फळ्यावर वर्तुळ काढायला कंपास लागत नसे. अंगठा फळ्यावर रोवायचा, बोटांत खडू धरायचा आणि हात गरकन फिरवायचा. सुरुवातीचं टोक आणि शेवटचं टोक अचूक मिळायचं. म्हणून मुलांनी त्यांचं नाव कंपासबाई पाडलं होतं. ते त्यांच्या कानावर आलं होतं. त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या, पण मनातून त्यांना ते आवडायचं.

बावीस वर्षं त्या एकाच शाळेत होत्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी व्हायचं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. ते डोक्यात भरवलं मुख्याध्यापकांनी. सगळी शाळा त्यांना मोठे सर म्हणायची. दोन वर्षांनी ते निवृत्त होणार होते, आणि नवा नियम आला होता की यापुढे मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसणाऱ्याकडे शैक्षणिक नेतृत्व आणि शाळा व्यवस्थापन या विषयातली पदव्युत्तर पदवी असलीच पाहिजे. सरांनी स्वतः जाऊन अर्ज आणला, बाईंच्या पुढ्यात ठेवला आणि टोपण काढून पेन पुढे केलं.

"सर, आता या वयात?"

"वयाचं काय घेऊन बसलात? अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करायचाय. शनिवारची दुपार आणि रविवार. माझ्यामागे ही शाळा कुणा परक्याच्या हाती गेलेली मला बघवणार नाही, बाई."

सरांचा शब्द बाईंनी कधी मोडला नव्हता. त्यांनी सही केली.

घरी नवरा म्हणाला, "कर की. रविवारी मी तरी कुठे घरी असतो?" तो शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाणी तपासायचं काम करायचा, पाळीपाळीनं. मुलगी औषधनिर्माणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. लहानपणापासून आईनं तिला कान धरून अभ्यासाला बसवलं होतं; आता उट्टं काढायची आयती संधी चालून आली होती. तिनं फ्रिजच्या दारावर वेळापत्रक चिकटवलं. सकाळी साडेपाच ते सात वाचन. खाली लाल शाईत सूचना: मध्येच उठून ओटा पुसायला जायचं नाही.

वर्ग शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका अध्यापक महाविद्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर भरायचा. सव्वीस जण होते. बहुतेक चाळिशी उलटलेले, कुणी वसतिगृहाचे रेक्टर, कुणी पर्यवेक्षक, एक लष्करातून आलेले क्रीडाशिक्षक, जे हजेरीला असं खणखणीत 'हजर' म्हणायचे की शेजारचे दचकायचे. आठवडाभर मुलांना 'गप्प बसा' म्हणणारी ही माणसं शनिवारी मागच्या बाकावर बसून कुजबुजायची, आणि पहिल्या चाचणीच्या दिवशी दाराबाहेर उभी राहून शेवटपर्यंत वह्या चाळत होती.

शिकवणाऱ्या प्राध्यापिका बाईंपेक्षा दहा वर्षांनी लहान होत्या. बारीक अंगाच्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी पहिला निबंध दिला होता, 'चांगली शाळा कशी ओळखावी'. बाईंनी पाच पुस्तकं वाचून अकरा पानं लिहिली, समास आखून, मथळ्यांखाली रेघा मारून. परत आला तेव्हा वीसपैकी नऊ गुण होते आणि शेवटी एक ओळ: 'हे पुस्तकात आहे. तुमच्या शाळेत काय आहे?'

नऊ गुण! बाईंना आयुष्यात कुणी नऊ दिले नव्हते. त्या घरी आल्या ते तोंड एवढंसं करून. मुलीनं निबंध वाचला आणि हळूच म्हणाली, "आई, बरोबर आहे गं त्यांचं." त्या आठवड्यात फ्रिजवरच्या वेळापत्रकाबद्दल दोघींत चकार शब्द निघाला नाही.

दुसऱ्या वर्षी लघुप्रबंध लिहायचा होता. बाईंनी या खेपेला पुस्तकाचा नाद सोडला आणि आपल्याच शाळेचा विषय घेतला. त्यांच्या शाळेचा शालान्त परीक्षेचा निकाल सलग अकरा वर्षं शंभर टक्के लागला होता. फाटकाशी तसा फलकच होता, दर वर्षी आकडा बदलून रंगवलेला. हे कसं साधलं, ते लिहायचं बाईंनी ठरवलं. मोठे सर खूश झाले. म्हणाले, "कार्यालयातलं कपाट तुमचंच समजा."

अकरा वर्षांत नववीत किती मुलं होती आणि त्यातली किती शेवटच्या परीक्षेला बसली, एवढं आधी पाहायचं होतं. साधी वजाबाकी. बाईंनी मधल्या सुट्टीत नोंदवही काढली आणि वर्षवार दोन रकाने आखले. दोन्ही रकाने जुळत नव्हते. कधी सात कमी, कधी आठ, एका वर्षी दहा. सगळे नववी संपता संपता शाळेतून गेलेले. कारणाच्या रकान्यात प्रत्येकापुढे तेच दोन शब्द: 'पालकांच्या विनंतीवरून'. बेरीज आली त्र्याऐंशी.

हे बाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. शाळेत सगळ्यांनाच ठाऊक होतं. नववीच्या शेवटी जी मुलं हमखास नापास होणार असं वाटायचं, त्यांच्या आईवडिलांना बोलावलं जायचं. चहा दिला जायचा. "याला इथे झेपणार नाही, बाहेरून परीक्षेला बसवा, उगाच वर्ष वाया जाईल," असं गोड शब्दांत सांगितलं जायचं, आणि पालक विनंतीअर्जावर सही करून दाखला घेऊन जायचे. तो अर्ज वर्गशिक्षकाच्या शिफारशीनं पुढे जायचा. पण एकेका वर्षाचे सात-आठ म्हणजे काही फार वाटत नाहीत. ते एका रकान्यात एकाखाली एक लिहून त्यांची बेरीज करायची वेळ बाईंवर कधी आली नव्हती.

घरी त्यांच्याकडे वर्गशिक्षिका म्हणून ठेवलेल्या जुन्या दैनंदिन्या होत्या. रविवारच्या वर्गाला दांडी मारून त्यांनी त्या माळ्यावरून खाली काढल्या. त्यांच्या स्वतःच्या वर्गातून गेलेली मुलं एकतीस. एकतीस शिफारशी, एकतीस सह्या. अक्षर सुंदर होतं.

नवरा कामावरून आला तेव्हा त्या दैनंदिन्यांच्या मधोमध फरशीवर बसल्या होत्या. त्यांनी त्याला सगळं सांगितलं. तो बूटही न काढता दारात उभा राहून ऐकत होता.

"आमच्याकडे कुणी गढूळ पाणी आधी बाजूला काढून मग नमुना भरला ना," तो म्हणाला, "तर त्याची नोकरी जाते."

"अहो, ही मुलं आहेत. पाणी नाही."

"म्हणून तर म्हणतोय," तो म्हणाला आणि मग बूट काढायला बसला.

पुढच्या शनिवारी बाईंनी प्राध्यापिकांना विषय बदलून मागितला. प्राध्यापिकांनी कारण विचारलं. बाईंनी सांगितलं. प्राध्यापिकांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "विषय बदलायचा की नाही ते नंतर ठरवू. आधी ती मुलं कुठे आहेत ते बघून या."

एकतीसपैकी चौदा सापडली. चार महिने लागले. जुने पत्ते, बदललेले फोन, एकाच्या मामाकडून दुसऱ्याच्या शेजाऱ्याकडे. बाई शाळा सुटल्यावर जायच्या, पिशवीत वही घेऊन. त्यातली बाहेरून परीक्षेला बसलेली तिघंच होती, आणि पास झालेला एक. तो आता लिफ्ट दुरुस्तीचं काम करत होता. त्यानं बाईंना खुर्ची दिली, सरबत दिलं, आणि "माझं चांगलंच झालं, बाई" असं इतक्यांदा म्हणाला, की त्याचं चांगलं झालं नव्हतं हे त्यांना कळून चुकलं.

एक मुलगी एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात होती. आता पंचवीस वर्षांची बाई. तळघरातलं ते लांबलचक दालन वाफेनं भरलेलं होतं, आणि ओल्या चादरींचे गाडे एकामागून एक येत होते. दोघी दोन टोकांनी चादर धरायच्या, झटकायच्या, इस्त्रीच्या गरम रुळांत सोडायच्या. सुट्टी झाल्यावर ती हात पुसत बाहेर आली. बाईंना तिनं लगेच ओळखलं.

"कंपासबाई!" ती म्हणाली आणि जीभ चावली.

दोघी जिन्याच्या पायरीवर बसल्या. बाईंनी कशासाठी आल्या ते सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "त्या दिवशी आई आली होती, बाई. तिला वाटलं बक्षीसबिक्षीस आहे. इस्त्रीचं लुगडं नेसून आली होती. तुम्ही तिला म्हणालात, पोरगी हाताची चलाख आहे, शिवण शिकवा. आई वाटभर तेच सांगत होती, बाईंनी तुझं कौतुक केलं म्हणून. मला घरी गेल्यावर कळलं, की उद्यापासून शाळा नाही. तुम्हाला आठवतं का?"

बाईंनी आठवायचा प्रयत्न केला. मुलीचा चेहरा आठवत होता, तिसऱ्या बाकावरची जागाही आठवत होती. तो दिवस आठवत नव्हता.

"नाही गं," त्या म्हणाल्या. खोटं बोलावंसं फार वाटलं होतं.

"मला वाटलं होतं तुम्हाला आठवत असेल," ती म्हणाली. रागानं नाही. आपलंच काही चुकलं असावं, अशा सुरात. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आता तुम्ही हे लिहिणार, आणि तुम्हाला पदवी मिळणार?"

"हो. तू परवानगी दिलीस तर."

"शिवण मला कधी जमलीच नाही," ती म्हणाली. "तेही लिहा." आणि तिनं परवानगीच्या कागदावर सही केली.

परतीच्या बसमध्ये बाई खिडकीशी बसल्या होत्या. उतरायचा थांबा मागे गेला तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

आता मोठ्या सरांशी बोलणं भाग होतं. प्रबंधात शाळेच्या नोंदी वापरायच्या तर मुख्याध्यापकांचं लेखी अनुमतिपत्र लागतं, असा नियम होता. बाईंनी रकाने आखलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. सरांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला. मग उठून दार लावून घेतलं.

"बारा वर्षांपूर्वीचा निकाल आठवतो तुम्हाला?"

"चोपन्न टक्के."

"चोपन्न. लोक पोरं काढून नेत होते. दोन तुकड्या बंद व्हायच्या बेतात होत्या, सहा शिक्षक घरी बसायची पाळी आली होती. यादीत तुमचं नाव चौथं होतं, बाई. मी तुम्हाला कधी सांगितलं नाही."

बाई टेबलावरच्या कागदाकडे पाहत होत्या.

"मी त्र्याऐंशी मुलं बाहेर काढली, हे खरं. पण आठशे मुलांची शाळा उभी ठेवली. त्यांचं कुणी लिहिणार आहे का?" त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट थकल्यासारखा झाला होता. "माझी पाच महिन्यांची नोकरी उरलीय. तुमची शिफारस मी करायची आहे. परिपाठाची शिस्त, शाळेचं वाचनालय, कितीतरी विषय आहेत."

"सर, मला त्या मुलीचा दिवस आठवला नाही."

"कुठल्या मुलीचा?"

बाईंनी सांगितलं. सर खिडकीबाहेर पाहत राहिले. बाहेर सातवीची मुलं दोरीवरच्या उड्या मारत होती आणि मोजत होती. शेवटी सर म्हणाले, "लिहायचं तर लिहा. मी अडवणार नाही. पण माझी सही मागू नका."

सही नाही म्हणजे शाळेची नोंदवही नाही. त्र्याऐंशीचा आकडा वापरता येणार नाही. प्राध्यापिकांनी ते स्पष्टच सांगितलं. चोरून आणलेल्या आकड्यांवर प्रबंध उभा राहत नाही. बाई मान खाली घालून बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या दैनंदिन्या माझ्या आहेत. माझे निर्णयही माझेच आहेत. ज्यांनी परवानगी दिली त्यांच्यापुरतंच लिहिलं तर?"

चौदापैकी बारा जणांनी परवानगी दिली होती. प्रबंध त्या बारा निर्णयांवर झाला. प्रत्येक प्रकरणात बाईंनी तीन गोष्टी लिहिल्या. त्या वेळी त्या मुलाविषयी आपल्याला काय माहीत होतं, काय माहीत करून घेता आलं असतं, आणि आपण कुणाला घाबरून सही केली. शाळेचं नाव नव्हतं, मुलांची नावं नव्हती, सरांचा उल्लेख नव्हता. 'मी' हा शब्द मात्र पानोपानी होता, आणि तो लिहिताना त्यांचं ते सुंदर अक्षर पहिल्यांदाच बिघडलं. टंकलेखन मुलीनं केलं. एका प्रकरणाशी ती थांबली आणि उठून आईच्या शेजारी जाऊन बसली.

तोंडी परीक्षेला बाहेरचे एक परीक्षक आले होते, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी प्रबंधाची पानं चाळली आणि नाक मुरडलं.

"हे संशोधन आहे की कबुलीजबाब?"

"कबुली असेल, सर," बाई म्हणाल्या. "पण आकडे तपासून घ्या. ते बरोबर आहेत."

परीक्षकांनी खरोखरच तपासले. पाऊण तास एकेक प्रकरण घेऊन उलटसुलट प्रश्न विचारले. एका ठिकाणी बाईंनी टक्केवारी चुकीच्या संख्येवर काढली होती, तीही त्यांनी शोधली. गणिताच्या बाईंना घाम फुटला. शेवटी त्यांना दुसरा वर्ग मिळाला. बाईंनी तो निमूटपणे घेतला. लष्करातल्या क्रीडाशिक्षकांना पहिला मिळाला होता, आणि तो त्यांनी इतक्या मोठ्यानं जाहीर केला की जिन्यापर्यंत ऐकू गेलं.

मोठे सर निवृत्त झाले. बाईंची शिफारस त्यांनी केली नाही, पण विरोधातही काही लिहिलं नाही. त्या जागी कोरा कागद ठेवला. संस्थेच्या मंडळींनी विज्ञानाच्या सरांचं नाव पुढे केलं, तर त्यांच्याकडे पदवी नव्हती. नियमात बसणारी व्यक्ती सगळ्या शाळेत एकच होती. कुणाच्याही मनात फारसं नसताना कंपासबाई मुख्याध्यापिका झाल्या.

त्या वर्षी नववीतून एकही दाखला गेला नाही. ज्यांना झेपत नव्हतं त्यांच्यासाठी शाळा सुटल्यावर जादा तास ठेवले. निम्म्या शिक्षकांनी तोंडं वाकडी केली, तिघं मात्र आपणहून उभे राहिले. वर्ष कसं सरलं ते कळलं नाही. पुढच्या वर्षी ती सगळी मुलं शेवटच्या परीक्षेला बसली. शहाण्णव.

निकाल लागला त्या दुपारी बाई कार्यालयातच बसून होत्या. कारकुनानं कागद टेबलावर ठेवला आणि पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेला. बाईंनी आकडा पाहिला, आणि तेवढ्यात फोन वाजला. मोठे सर होते. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच.

"किती?"

"चौऱ्याऐंशी टक्के, सर. पंधरा नापास."



"बसले किती होते?"

"सगळे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "उद्या पालक येतील. दार उघडं ठेवा. बंद दाराबाहेर माणूस जास्त ओरडतो." आणि जरा थांबून, "फलक खाली उतरवून घ्या. त्यांनी उतरवायच्या आत." बोलणं तेवढंच झालं. त्या वर्षाच्या शेवटी सर गेले. बाई भेटायला जायचं ठरवत राहिल्या, आणि ते राहूनच गेलं. याची चुटपुट त्यांना कायमची लागली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी आठ वाजल्यापासून पालक आले. दार उघडं होतं. पास झालेल्यांचे पालक जास्त चिडले होते. शाळेचं नाव घालवलंत, आमच्या पोरांना पुढे प्रवेश कोण देईल, असं एकेक. एका गृहस्थांनी टेबलावर हात आपटला. "ही असली पदवी घेऊन हेच शिकलात?" बाईंनी कुणाचंही बोलणं तोडलं नाही. धाकट्या वर्गातली नऊ मुलं त्या आठवड्यात दुसऱ्या शाळेत गेली. त्यांच्या दाखल्यांवर बाईंनी सह्या केल्या, आधी प्रत्येकाच्या घरी जाऊन. पाच घरांत त्यांना आत बोलावलं, चार घरांत नाही.

दुपारी गर्दी ओसरल्यावर नापास मुलांच्या आया आल्या. त्या दाराशीच थबकल्या, आता दाखला हातात पडणार अशा चेहऱ्यानं. बाई उठल्या, खुर्च्या ओढून दिल्या आणि फेरपरीक्षेचं वेळापत्रक पुढे ठेवलं. पंधरापैकी अकरा जणांचं गणित राहिलं होतं. एका आईला विश्वास बसेना. तिनं दोनदा विचारलं, "म्हणजे शाळेतच यायचं?"

"शाळेतच. सोमवारपासून, सकाळी सात वाजता."

"कोण शिकवणार?"

"मी," बाई म्हणाल्या.

सोमवारी सात वाजता आठ जण आले. बाईंनी हजेरी घेतली. राहिलेल्या तिघांची नावं एका चिठ्ठीवर लिहून ती पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली, संध्याकाळी त्यांच्या घरी जायला. मग फळा पुसला आणि अपूर्णांकांपासून सुरुवात केली.